सोड

कोन गावच्या शेतात गुरांच्या मुरघासासाठी गवताची कुट्टी चालली होती. ट्रॅक्टरवर फिरणारं ते मेलं जुनाट यंत्र घडोघडी अडकायचं. इंजिन बंद केलं तर ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. म्हणून ट्रॅक्टरवर बसलेला रूपेश पायाने क्लच दाबून धरायचा, पाती थांबायची. त्याची वहिनी गंगू हात घालून गवत उपसायची आणि हात बाहेर आला की ओरडायची, "सोड!" इंजिनाच्या धडधडीत त्याला तेवढा एकच शब्द कळायचा; तो ऐकला की क्लच सुटायचा आणि पाती पुन्हा फिरायची.

आज गंगूची बांगडी पात्यात अडकली. धाकटी जाऊ रूपा घाबरून तिचा दंड ओढू लागली, तशी बांगडी आणखीच रुतली. 'मला सोड' गंगूच्या अगदी ओठांवर आलं. रूपेश पाठमोरा बसला होता. तिने दात आवळले.

तेवढ्यात रूपाच किंचाळली, "मुठीतलं गवत सो—"

गंगूने मोकळ्या हाताने तिचं तोंड दाबलं. रूपाची पकड सुटली. गंगूने मनगट पिरगाळलं, बांगडी फुटली आणि हात बाहेर आला, रक्ताळलेला पण अख्खा.

"पाय भरून आला माझा! सोडू का नाय?" रूपेश ओरडला.

दोघी यंत्रापासून चांगल्या चार हात लांब उभ्या होत्या, पण एकीच्याही तोंडून तो शब्द फुटेना.