नाकावरचा अंगठा

"नाक आधी मोठं ठेवायचं. कमी करता येतं, वाढवता येत नाही." यांच्या धंद्यातला हा पहिला नियम. हे दगडाचे पुतळे घडवायचे. भल्याभल्यांची नाकं यांनी दगडात सरळ करून दिली, बायकोचा चेहरा तेवढा राहून गेला. विचारलं की म्हणायचे, "तुझा राग कायम नाकावर. छिन्नी बोथट व्हायची." मग मी चिडायचे आणि त्यांचं म्हणणं खरं करून दाखवायचे.

दगडाच्या धुळीने यांची फुफ्फुसं खाल्ली. डॉक्टरांनी छिन्नी सोडायला लावली, तेव्हा घरात लाकूड आलं. भुशाने खोकला आणखी चेकाळला. दोन पावलं चालले तरी धाप लागायला लागली, तेव्हा कुठे माती आली. "पोरखेळ," असं म्हणत यांनी पहिला गोळा हातात घेतला.

मातीतला पहिला चेहरा माझा. हे पलंगावर उशांना टेकून, मी समोर स्टुलावर. चार दिवसांत डोळे, गाल, हनुवटी झाली. नाक मात्र भलंमोठं.

"अहो, ही माती आहे. कमी पडलं तर मागाहून लावता येतं की!"

"मला कळतं गं, हाताला कळत नाही." धाप लागेपर्यंत हसले. शेंड्यावर अंगठा दाबून म्हणाले, "ओलं कापड टाकून ठेव. उद्या उतरवू नाक."

सकाळी हे उठलेच नाहीत.

त्याला महिना झाला. कापड मी रोज भिजवते. आतून भरीव आहे, वाळला तर चेहरा तडकणार. नाक मलाही उतरवता आलं असतं, सुरी तिथेच पडलीय. पण शेंड्यावर यांचा अंगठा उमटलाय, रेघन्‌रेघ. त्याला हात कसा लावू?

आज कापड उचललं तर निम्म्या रेघा गायब. रोजच्या ओल्या कापडाने, म्हणजे मीच पुसल्या होत्या. मी स्वतःला नाही नाही ते बोलले.

लेक धावत आली. "आई, कापड दे इकडे, भिजवून आणते."

"नको," मी म्हटलं. "माझं तोंड मला आरशात रोज दिसतं."

कापड मी पिळून दोरीवर वाळत टाकलं. संध्याकाळी गालाला पहिली चीर गेली.