नात्याचा रकाना

परशुराम आणि सहदेव हे दोघे पुरुष कोपरच्या चाळीत बारा वर्षे पतिपत्नीप्रमाणे संसार करीत होते. परंतु सहदेवाच्या रेशनकार्डावर परशुरामाचे नाव नव्हते. ते चढविण्यासाठी एके सकाळी दोघे रेशन ऑफिसात गेले.

रांगेत पुढे शेजारचा दगडू होता. त्याच्या विवाहास अवघे आठ दिवस झाले होते. कारकुनाने लग्नपत्रिका पाहून नवरीचे, सगुणाचे, नाव तत्काळ चढविले. दगडूने आनंदाने पेढे वाटले. परशुरामाने आपला पेढा खिशात कोंबला. त्याचे अंतःकरण मत्सराने पेटले होते.

"तुमचं नातं काय?" कारकुनाने विचारले.

"भाऊ," सहदेव घाईने बोलला.

"एक पाटील, एक कदम, कसले भाऊ? बायको आण, लगेच चढवतो!"

सारी रांग हसली.

घरी येताच परशुराम कडाडला, "दगडू चहात साखर किती घेतो, हे तरी सगुणाला ठाऊक आहे का? तुझ्या काविळीत उशाशी मी बसलो. तुझ्या आईच्या तिरडीला खांदा मी दिला. कायद्यानं आपलं लग्न लावलं, तर कुणाच्या ताटातला घास कमी होणार आहे रे? आणि तू मला भाऊ केलंस!"

सहदेवाने नवा अर्ज काढला आणि नात्याच्या रकान्यात 'जोडीदार' असे लिहिले.

"अरे, तो कारकून फाडून टाकेल!"

"टाकू दे. आधी वाचावं तर लागेल."

परशुरामाने खिशातला पेढा मोडून अर्धा त्याला दिला. सगुणाबद्दलचा हेवा मात्र तसूभरही कमी झाला नाही.