कामापुरतं संरक्षण

व्यंकटचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि ऑफिसचे साहेब माधवराव म्हणतात, "कनकाबाई, जरा शांत व्हा." शांत! कनकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चेन्नईतल्या एग्मोरच्या त्या परिषद-कार्यालयात ती कायद्याचे मसुदे करायची. तंजावरकडची मराठी बाई, वीस वर्षांची सरकारी नोकरी. व्यंकट तिथलाच ड्रायव्हर, तिला अक्का म्हणणारा. काल दुपारी तो पाहुण्यांच्या हॉटेलच्या फाटकाशी गाडी पुसत उभा होता. परिषदेला आलेल्या एका परदेशी प्रतिनिधीला स्वतः गाडी चालवायची हौस आली आणि त्यानं व्यंकटला थेट भिंतीशी चिरडलं. पोलीस आले, राजपत्र वाचलं आणि साहेबाला सलाम ठोकून परत गेले. परिषद संपवून मायदेशी पोचेपर्यंत पाहुण्यांवर कसलाच गुन्हा नोंदवता येणार नाही, असं त्यात छापलं होतं.

छापलं होतं म्हणजे काय, मसुदा इथूनच दिल्लीला गेला होता! ऑफिसची रीतच तशी. परिषद कुठलीही असो, जुनी फाइल काढायची आणि देशांची नावं बदलायची. ती जुनी फाइल होती कायम राहणाऱ्या राजदूतांची, सरसकट संरक्षण देणारी. हे तर पाच दिवसांचे पाहुणे, म्हणून कनकानं 'परिषदेच्या कामापुरतं' एवढे दोन शब्द घातले होते. माधवरावांनी ते लाल शाईनं खोडले. वर म्हणाले, "पाहुण्यांना हात आखडून द्यायचं? बरं दिसतं का?"

आज तिनं पत्र त्यांच्यापुढे आपटलंच. "सार, त्या पाहुण्याचं सरकार हे संरक्षण काढून घेऊ शकतं. आपण लेखी मागायला हवं. सही करा."

"तो सहाच्या विमानानं चाललाय. आता कशाला घोळ घालता? दिल्लीला मी काय तोंड दाखवू?"

"आणि व्यंकटच्या बायकोला काय तोंड दाखवाल?"

माधवरावांनी पेनाला टोपण लावलं आणि चहा मागवला. अय्यो, चहा! कनकानं पत्र उचललं, खाली येऊन रिक्षा पकडली आणि तडक हॉटेल गाठलं.

त्या प्रतिनिधीच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख बाई सामान आवरत होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"आम्ही एवढं मागितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "आमच्या देशात आम्ही पाहुण्यांना फक्त कामापुरतं संरक्षण देतो. तुम्ही सगळंच देऊन टाकलंत, आम्हालाच नवल वाटलं. आणि आज सकाळी तुमच्या साहेबांचा फोन आला होता. तुमची काही तक्रार नाही म्हणाले."

कनकाला रडू फुटेल असं वाटलं, पण फुटला तो संताप. कुणी मागितलं नसताना या मेल्यानं घरच्या माणसाचा पाय पाहुण्यांना आंदण दिला, वर फोन करून पावतीही दिली!

"तुमच्या कार्यालयाची लेखी मागणी असेल तर मी आत्ता सरकारच्या वतीनं संरक्षण काढून त्याला थांबवू शकते," बाई म्हणाल्या. "पण यावर सही नाही."

कनकानं पर्समधून पेन काढलं. माधवरावांच्या हुद्द्यावर 'करिता' लिहिलं आणि खाली स्वतःच्या पूर्ण नावानं सही ठोकली.

बाईंनी सही निरखली. "तुम्हाला अधिकार आहे याचा?"

"नाही," कनका म्हणाली. "ज्याला आहे, त्याला लाज नाही."

बाईंनी फोन उचलला आणि त्या माणसाचं तिकीट रद्द करायला सांगितलं.