चार बोटांची ढील

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी यमुनाबाई सरनोबतांनी आपल्या चौसष्ट सालच्या फियाटचं स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं, आणि चाकं डावीकडे वळली.

पौषातली सकाळ होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पत्र्यांवर दव साकळलं होतं. दूर कुठेतरी गुऱ्हाळाची चुलवण पेटली होती, आणि तिचा गोड, धुरकट, सोनेरी गंध ओतकामाच्या काळ्या मातीवरून हलके हलके चालत आला होता. त्या गंधात, लोखंडी घोड्यांवर पुढची चाकं अधांतरी उचलून, ती हस्तिदंती गाडी उभी होती: दवस्नात, मौनमग्न, आणि उलट्या दिशेला पाहणारी.

यमुनाबाईंनी पुन्हा फिरवलं. डावीकडे. चाकं उजवीकडे वळली.

"घ्या," गाडीखालून दस्तगीर मिस्त्रीचा आवाज आला. "आमच्या घरातलीच सवय लागली हिला. उजवीकडं म्हटलं की डावीकडं."

यमुनाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आजारी जनावराकडे पाहावं तसं त्यांनी चाकांकडे पाहिलं.

चाळीस वर्षं त्या गुरांच्या डॉक्टर होत्या. हीच फियाट घेऊन गगनबावड्यापासून राधानगरीपर्यंतचे गोठे त्यांनी पालथे घातले. धुक्यातले गोठे, चिखलातले गोठे, कंदिलाच्या पिवळ्या वर्तुळात हंबरणारे गोठे. आडलेली वासरं ओढता ओढता उजवा खांदा झिजला. आता तो हात छातीच्या वर जात नाही. आणि फियाटचं जुनं स्टेअरिंग तर दोन्ही खांद्यांचा भार मागणारं. वर त्याला ढील चार बोटांची: स्टेअरिंग चार बोटं फिरवावं, तेव्हा कुठे गाडीला वळायचं आहे हे कळावं.

म्हणून दस्तगीरने स्टेअरिंगची ती जुनी, जड, तेलकट पेटी काढली आणि नव्या छोट्या गाडीचा रॅक बसवला. एक दातेरी दांडा, त्यावर फिरणारं एक दातेरी चक्र. चक्र फिरलं की दांडा सरकतो, दांडा सरकला की गाडी वळते. मध्ये ढील नाही, विलंब नाही.

हे जमलं नाही, तर गुरुवारी बारा वाजता साताऱ्याचे एक हॉटेलवाले ट्रक घेऊन येणार होते. फियाट हॉटेलच्या दारात कायमची उभी राहणार होती, पोटात रंगीत दिवे घेऊन, लोकांच्या फोटोंसाठी. यमुनाबाईंनी शब्द दिला होता: मला चालवता आली नाही, तर न्या.

त्या खाली वाकल्या. बॅटरीचा उजेड दांड्यावरून फिरला.

"त्या छोट्या गाडीत हा कुठं असतो रे?"

"चाकांच्या मागं. हितं मागं इंजनाचं पोट आडवं येतंय, म्हणून म्या पुढं घेतला. जागा मोकळी दिसली."

"आणि चाकं वळवणारे हात?"

"ते बी फिरवून पुढं घेतले."

यमुनाबाईंनी उजेड दांड्यावरून चाकांकडे नेला. डोळ्यांत जुनं, तरुण कुतूहल लकाकलं.

"मागून ओढायचं ते तू पुढून ओढतोयस. वासरू उलटं आलंय, दस्तगीर. असं ओढून निघत नाही. आधी मागं सारावं लागतं."

"आणि पोट?"

"पोटाला सांभाळून हात घालतात. चाळीस वर्षं तेच केलं मी."

तीन दिवस ठिणग्या उडाल्या. नीलशुभ्र, क्षणजीवी, असंख्य. इंजिनाच्या पोटाखाली दोन बोटांची वाट निघाली, दांडा मागे सरला, चाकांचे हात मागे फिरले. यमुनाबाई रोज येत, स्टुलावर बसत, पाहत, विचारत. हे दात किती? झिजले तर? धूळ शिरली तर? दस्तगीर म्हणाला, "डॉक्टरबाई, म्हशीसुद्धा एवढं विचारत न्हाईत."

गुरुवारी दहा वाजून वीस मिनिटांनी फियाट जमिनीवर उतरली. रिवाजाप्रमाणे पुढच्या चाकांखाली दोन लिंबं ठेवली. यमुनाबाईंनी एका बोटाने स्टेअरिंग उजवीकडे ढकललं. चाकं उजवीकडे वळली. रेशमासारखी, निःशब्द.

गाडी सुरू झाली. लिंबं फुटली. पत्र्याच्या दाराला वळसा घालायचा म्हणून त्यांच्या हाताने सवयीने चार बोटं जास्त घेतली, आणि फियाटने उजवीकडे उसळी मारली. तेलाचं पिंप वीतभर अंतरावर असताना ब्रेक लागला.

धूळ उठली, आणि बसली.

यमुनाबाईंनी आपला हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. चाळीस वर्षांची ती ढील गाडीतून निघून गेली होती, हातात मात्र राहिली होती.

"गाडी बरी झाली, दस्तगीर. दुखणं माझ्या हातात उरलंय."

"मग हात हितंच सोडून जावा. जुन्या पेटीसंगं ठेवतो."

या वेळी त्या हसल्या. गाडी मागे घेतली. हात स्टेअरिंगच्या तळाशी, पोटाजवळ, जिथे खांद्याला काही वर उचलावं लागत नाही तिथे धरले. दहा वाजून सदतीस मिनिटांनी फियाट दाराबाहेर पडली.

सव्वाअकराला फुलेवाडी नाक्यावरच्या एका टायरवाल्याचा दस्तगीरला फोन आला. तुमची ती पांढरी फियाट आत्ताच गेली, म्हणाला. बाई एकट्याच. गगनबावड्याच्या रस्त्याने. गाडी नागमोडी चालली होती का, हे दस्तगीरने विचारलं. ते त्याने पाहिलं नव्हतं.

अकरा वाजून बावन्न मिनिटांनी हॉटेलवाल्यांचा ट्रक दाराशी थांबला.

"गाडी कुठाय?"

"फिरायला गेलीय."

"येणार कधी?"

दस्तगीरने चहा सांगितला.

ऊन आता पत्र्यांवरून खाली उतरलं आहे. गुऱ्हाळाचा गंध विरळ झाला आहे. काळ्या मातीत दोन लिंबं फुटून पडली आहेत, आणि त्यांच्या ओलाव्यातून निघालेला चाकांचा माग आधी उजवीकडे झुकतो, पिंपापाशी थबकतो, मागे येतो, मग सावरतो, आणि रस्त्यापर्यंत सरळ जातो. पुढे डांबर आहे. डांबरावर माग उमटत नाही.