खुर्चीखालची घडी

हसू नका मित्रांनो, पण मी एक काठी आहे. म्हातारपणाची नव्हे, आणि मारायची तर मुळीच नव्हे. दुकानांच्या पाट्या रंगवणारे लोक माझं गुबगुबीत टोक फळीवर टेकवतात आणि माझ्यावर मनगट ठेवून अक्षर काढतात. म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही. कौतुक सगळं ब्रशाच्या वाट्याला जातं, भार मात्र मी घेते. हे एकदा सांगून टाकलेलं बरं.

पडद्याच्या मोडक्या दांड्यापासून मला घडवलं ते पाटीवाल्या मामांनी. टोकाला कापूस, त्यावर मऊ चामडं, वरून दोरा घट्ट आवळलेला. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी मला भाचीच्या हातात दिलं. म्हणाले, "पाटी तुझं पोट भरेल. चित्रांची हौसही हिच्यावरच हात ठेवून कर. दोघींची भांडणं तेवढी लावू नकोस."

भाचीने बरीच वर्षं ऐकलं. सकाळचे दोन तास चित्राचे, मग दिवसभर पाट्या: दवाखाना, लॉन्ड्री, चपलांचं दुकान. एकदा तिने आईची खुर्ची रंगवली. खिडकीशी ठेवलेली, एक पाय आखूड, म्हणून त्याखाली कागदाची घडी सारलेली. ती नखाएवढी घडी रंगवताना तिचं मनगट माझ्यावर किती हलकं झालं होतं, ते मला अजून आठवतं.

पाटी सांगायला आलेल्या हॉटेलवाल्यांनी ते चित्र पाहिलं. "बाई, अशीच चाळीस काढून द्या. प्रत्येक खोलीत एक."

भाची हरखून गेली. हातातल्या पाट्या तिने परत पाठवल्या, सकाळचे दोन तासही खुर्च्यांना दिले. दहाव्या चित्रापर्यंत हात आपोआप पळू लागला आणि माझी रवानगी दारामागे, झाडूशेजारी झाली. खरं सांगते, राग आला मला. झाडू बिचारा कष्टाळू आहे, पण मला काय केर काढायचा होता?

सोळा खुर्च्या भिंतीला टेकून वाळत होत्या, तेव्हा आई कामाच्या खोलीत आली. एकेक चित्र बघत शेवटच्यापाशी थांबली.

"ही खुर्ची डुगडुगतेय."

"चित्रातली खुर्ची कशी डुगडुगेल, आई?"

"पायाखालची घडी कुठाय? इतकी वर्षं त्या घडीच्या जिवावर बसतेय मी."

भाचीने मागे जाऊन एकेक पाहिलं. दहाव्यापासून पुढे कुठेच घडी नव्हती. ती चित्रांसमोर खाली बसली. "पोटापाण्यासाठी करतेय गं."

"कर की. पाट्याही पोटापाण्यासाठीच करत होतीस. पण त्यांतला काना कधी विसरली नाहीस."

भाची उठली. डोळे पुसले, दारामागून मला काढलं आणि माझ्यावरची धूळ झटकली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाले आले. काम बघून खूश झाले आणि आणखी शंभर खुर्च्या मागितल्या. भाचीचा हात माझ्यावर होता. तो तिने तसाच घट्ट ठेवला.

"चाळिसाचा शब्द दिलाय, तो पाळते. शंभर नाही जमणार. खोल्यांच्या नंबरांच्या पाट्या सांगा, हव्या तितक्या करते. पाटी तुम्ही म्हणाल तशी. चित्र मात्र आधी मी काढणार, आवडलं तर नंतर तुम्ही घ्यायचं. आणि भाव मी सांगणार."

"अहो बाई, खुर्चीचा पाय बघतंय कोण?"

"मी बघते."

हॉटेलवाल्यांनी डोकं खाजवलं. शेवटी नंबरांच्या पाट्या सांगून गेले.

आता माझ्या अंगाला चीर गेली आहे आणि टोकाचं चामडं तीनदा बदलून झालंय. पण सकाळचे दोन तास पुन्हा चित्राचे आहेत, आणि दिवसा पाट्या जोरात चालतात. म्हणून हक्काने सांगते, मित्रांनो. आपल्या कलेचे पैसे घ्या, ताठ मानेने घ्या. नुसत्या वाहवेवर माझं चामडंसुद्धा आलं नसतं. पण पळत्या हाताला अधूनमधून टेकू द्या, आणि माझ्यासारखीला दारामागे टाकू नका.

आणि हो, त्या चाळिसांतल्या दहाव्यापासून पुढच्या प्रत्येक खुर्चीखाली भाचीने माझ्यावर हात ठेवून घडी रंगवली. चाळिसावं चित्र झालं तेव्हा आई आली, चष्मा लावून वाकली आणि पायाशी बराच वेळ बघत राहिली.

"हां," ती म्हणाली, "आता बसता येईल."