ओलेबाबांचे बेडूक

एकोणीसशे शहाऐंशी साली, पावसाळा सरता सरता, तळ्यावरचे बेडूक एकाएकी माणसाळले. आदल्या वर्षापर्यंत पायऱ्यांवर पाऊल पडलं की डुबुक डुबुक उड्या घेणारे हे प्राणी त्या वर्षी भर उन्हात पाय पसरून बसू लागले. हात लावला तरी हलेनात. धुणं धुणाऱ्या बायका त्यांना चपलेनं बाजूला सरकवू लागल्या. आणि पंधरा दिवसांच्या आत, बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत ओलेबाबा प्रकटले.

बाबांच्या अंगावरचं वस्त्र कधी वाळत नाही, म्हणून ते ओलेबाबा. ते वाळू नये यासाठी एक शिष्य पाठीशी झारी घेऊन उभा असे आणि तो सगळ्यांना दिसत असे. पण चमत्कार बघायला आलेल्या माणसाला झारी दिसत नाही. सकाळी सातपासून वखारीबाहेर रांग लागायची. दमेकरी, लकवा झालेले, मूल न होणाऱ्या, परीक्षेत नापास झालेले, आणि काहीच झालं नसलेले, पण शेजारी आले म्हणून आलेलेही. बाबा रोग्याच्या तळहातावर बेडूक ठेवत. बेडूक शांत बसे, तंगड्या झाडे आणि मरे. रोग त्यानं शोषून घेतला!

त्या गुरुवारी रांगेच्या शेवटी कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. बाई पन्नाशीच्या, एकट्या, जिभेनं तिखट. त्या रोग घेऊन आल्या नव्हत्या. धाकट्या भावाची बायको त्यांच्या लाडक्या भाचीला घेऊन इकडे आल्याचं शेजारणीकडून कळलं, तशा त्या तास सोडून धावत आल्या होत्या. भाची दहा वर्षांची. तिला घरात ठकी म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिला मधुमेह निघाला होता, आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनच्या सुईवर ती जगत होती.

बाई गर्दीतून वाट काढेपर्यंत मायलेकी बाबांपुढे पोचल्याही होत्या.

"काय होतंय पोरीला?"

"साखर आहे महाराज, रक्तात," भावजय म्हणाली. "रोज दोन सुया."

"साखर?" बाबा गर्दीकडे बघून हसले. "अहो, साखर कधी वाईट असते का? आनंदाच्या बातमीला कुणी कारलं वाटतं का? वाईट आहे ती सुई. सुईनं भोक पडतं आणि भोकातून रोग आत शिरतो. घरात उंदीर झाले म्हणून तुम्ही भिंतीला आणखी बिळं पाडता का?"

"नाही!" गर्दी ओरडली.

"हा बघा चार पायांचा वैद्य." बाबांनी मागच्या पडद्याआड हात घातला आणि एक बेडूक काढला. "हा पाण्यातही राहतो, जमिनीवरही राहतो. म्हणून इकडचं तिकडे नेणं यालाच जमतं. बघा, उताणा ठेवतो. बेडूक कधी उताणा राहिलेला पाहिलाय? हा राहिला. का? शरण आला!"

ठकीच्या तळहातावर बेडूक उताणा पडला होता. त्याच्या पोटावरची कातडी पापुद्र्यासारखी सुटली आणि तिच्या बोटांना चिकटली. "ही बघा रोगाची साल!" बाबा गरजले. बेडकानं मागचे पाय ताणले, एकदा थरथरला आणि संपला.

"गेला! पोरीचा रोग घेऊन गेला!"

टाळ्या पडल्या. ठकी मात्र रडू लागली. "आई, तो माझ्यामुळे मेला का गं?"

"सात दिवस सुई नाही," बाबांनी भावजयीला बजावलं. "आधी उलट्या होतील, तो रोग निघतोय असं समजा. तिसऱ्या दिवशी गाढ झोप लागेल. उठवायचं नाही. आणि शंकेखोर माणसाची नजर पोरीवर पडू द्यायची नाही, नाहीतर गेलेला रोग दारातून परत येतो."

"अगं, थांब! मूर्खपणा करू नकोस!" बाई मागून ओरडल्या. चारशे डोकी वळली. भावजयीनं पदर ओढून मुलीचं तोंड झाकलं आणि ती बाजूच्या दारानं निघून गेली.

बाई तडक भावाच्या दुकानात गेल्या. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसला होता.

"इन्सुलिन बंद केलं तर पोर मरेल. कळतंय का तुला?"

"ताई, ओरडू नकोस. स्प्रिंग उडेल." त्यानं भिंग काढलं. डोळा लाल झाला होता. "दोन वर्षं मी तिच्या मांडीत सुया खुपसतोय. आता टोचायला जागा उरली नाही. सुईचं भांडं उकळायला ठेवलं की ती पलंगाखाली लपते. तिला पायाला धरून ओढून काढावं लागतं. कधी केलंयस तू ते?"

"म्हणून बेडूक?"

"मी स्वतः पाहिलं. समोरच्या शिंप्याचा दमा थांबला. तू म्हणतेस ढोंग आहे, तर दाखव ना. तुझ्याकडे एवढी प्रयोगशाळा आहे. बेडूक का मरतो ते दाखव, त्याच मिनिटाला मी सुई टोचतो. तोवर हिचं ऐकू दे मला. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

बाईंच्या हातून इथेच चूक झाली. आदल्या वर्षी औषध मिळालं नव्हतं तेव्हा ठकीनं दीड दिवस काढला होता, हे त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी मनात हिशेब केला: दोन दिवस निभतील. आणि सिद्ध करायला सांगितलं की नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा बाणा. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी दुपारी कॉलेजात ये."

तरी घरी जाताना त्या दवाखान्यात डोकावल्या. डॉक्टर भले गृहस्थ. ते लगेच भावाच्या घरी जाऊन आले. दाराला आतून कडी होती. "आईबापच नको म्हणतात," ते परत येऊन म्हणाले. "जबरदस्तीनं सुई कशी टोचू, बाई?" शुक्रवारी बाई स्वतः गेल्या. भावजय दाराआडूनच म्हणाली, "वन्सं, तुमच्या पाया पडते, तुमची नजर पडू देऊ नका. पोर उलट्या करतेय. रोग निघतोय." आतून ठकीचा बारीक आवाज आला, "आत्या, पाणी…" बाईंनी दारावर दोन थापा मारल्या. मग त्या परत फिरल्या. प्रयोग अर्धा राहिला होता.

प्रयोग मात्र चोख होता. तळ्याच्या पायऱ्यांवरून बाईंनी बारा सुस्त बेडूक उचलून आणले आणि बारा बरण्यांत वेगवेगळे ठेवले. बरण्यांना कुणी बोट लावायचं नाही. गावाबाहेरच्या खाणीतल्या डबक्यातून, जिथे कुणी जात नसे, बारा टुणटुणीत बेडूक मागवले. मग कॉलेजातल्या रोगी मंडळींना रांगेत बसवलं. रक्तदाबाच्या प्राचार्या, सांधे धरलेला शिपाई, मूळव्याधीचे ग्रंथपाल, असे एकूण बारा जण. प्रत्येकाच्या हातावर खाणीतला एकेक बेडूक.

"बाई, हा माझ्या ब्लाउजात शिरला!" प्राचार्या किंचाळल्या.

"म्हणजे आजार घ्यायला तयार नाही तो," बाई म्हणाल्या. "उताणा ठेवून बघा."

उताणा ठेवला की खाणीतला बेडूक क्षणात पलटी मारून पसार होई. बरण्यांमधला, बाईंनी चिमट्यानं उलटवला, तर तसाच उताणा पडून राही. शनिवारी दुपारपर्यंत बरण्यांमधले नऊ मेले होते. त्यांना कुणा रोग्याचा हात लागला नव्हता. खाणीतले बाराच्या बारा जिवंत होते, आणि त्यांच्या माथी तर मूळव्याधीही मारली होती.

भाऊ आला. बाईंनी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या बेडकाची सुटलेली साल दाखवली. कातडीत गोल गोल पुटकुळ्यांची रांगच होती. निरोगी बेडकाच्या सालीत एकही नव्हती.

"बेडूक तोंडानं पाणी पीत नाही," बाई म्हणाल्या. "कातडीनं पितो, श्वासही बराचसा कातडीनंच घेतो. कातडी सडली की अंगातले क्षार जातात आणि हृदय थांबतं. तळ्यात ही साथ आली आहे. बाबा मरायला टेकलेला निवडून काढतो, एवढंच. तुझा शिंपी आठ दिवसांत पुन्हा धापा टाकायला लागेल."

भाऊ भिंगाची सवय असलेला माणूस. एका नजरेत त्याला पटलं. उभ्या उभ्या त्याचा चेहरा पांढरा पडला. "ताई," तो म्हणाला, "सकाळपासून ती झोपलीये. बाबांनी सांगितल्यासारखीच."

दोघं धावत घरी पोचले. खोलीत पिकून सडलेल्या फळांसारखा वास भरला होता. ठकी डोळे मिटून खोल, लांब श्वास घेत होती, कुणी भाता मारावा तसे. भावजय उशाशी बसून वारा घालत होती. नवऱ्याला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. "शू. गाढ झोपलीये."

डॉक्टरांनी सुई दिली, सलाईन लावलं. रविवारी पहाटे ठकी गेली.

सोमवारी वखारीत रांग नेहमीएवढीच होती. बाई बरण्या घेऊन थेट बाबांपुढे गेल्या. भाऊ मागे होता. "बाबा, हे नऊ बघा," बाई म्हणाल्या. "यांनी कुणाचा रोग शोषला?"

बाबा क्षणभरही अडले नाहीत. "तुझ्या शंकेचा! शंकेएवढा जहाल रोग नाही." गर्दी हसली.

"माझी मुलगी मेली," भाऊ म्हणाला.

गर्दीतला एक म्हातारा समजुतीच्या सुरात म्हणाला, "सात दिवस पुरे केले होते का? की मध्येच सुई टोचलीत?"

"टोचली," भाऊ म्हणाला.

"मग?" चार-पाच जण एकदम म्हणाले. "महाराजांनी सांगितलं होतं ना!"

बाई त्यांना पुटकुळ्या समजावू लागल्या, पण ऐकतंय कोण? भाऊ मात्र काही न बोलता पुढे गेला आणि त्यानं बाबांच्या मागचा पडदा ओढून खाली पाडला.

पडद्याआड एक टब होता. टबाशी बेडूकवाला बसला होता. कॉलेजला विच्छेदनासाठी बेडूक पुरवणारा तोच. एकेक बेडूक उताणा करून तो बघत होता. उलटला की पुन्हा टबात, नाही उलटला की बाबांच्या हातात. आणि त्याच्या पाठीशी, भिंतीच्या कडेला, गुडघाभर उंचीचा ढीग होता. मेलेल्या बेडकांचा. पोटं वर, साली सुटलेल्या, माश्या घोंगावत होत्या. रोगी समोर येण्याआधीच मेलेले ते.

"तीनशे तरी असतील," रांगेत पुढे असलेली एकजण हळूच म्हणाली. "रोग्यांपेक्षा बेडूकच जास्त मेलेत की!"

बाईंच्या बरण्यांनी जे झालं नाही ते त्या ढिगानं झालं. वास नाकात गेला आणि श्रद्धा उतरली. बाबा झारी, शिष्य आणि ओलं वस्त्र घेऊन मागच्या दारानं पळाले. लोकांच्या हाती बेडूकवाला लागला.

"मला काय मारता?" तो कण्हत म्हणाला. "बाई, तुमच्याच कॉलेजनं चार खेपा माल परत केला ना? प्रॅक्टिकलच्या आधीच मरतात म्हणून? मग मी कुठे खपवू? आणि रोग म्हणाल तर तो तळ्यात आणला कुणी? मी लांबून लांबून बेडूक आणायचो. प्रॅक्टिकल झाल्यावर उरलेले तुम्हीच दया करून तळ्यात सोडायच्या. दर साली. त्या पायऱ्यांपासूनच मरायला लागलेत, मी पाहिलंय."

त्याचं खरं होतं. बाई बारा वर्षं सोडत होत्या, आणि सोडताना त्यांना फार बरं वाटायचं.

पुढे बारा-तेरा वर्षांनी त्या पुटकुळ्यांना नाव मिळालं. बेडकांच्या कातडीत वाढणारी, पाण्यातून पसरणारी बुरशी होती ती. तोवर तळं कधीच मुकं झालं होतं. पूर्वी पावसाळ्यात तळ्याकाठच्या घरांत शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. आता कुजबुज ऐकू येई, आणि डासांची गुणगुण. त्या पावसाळ्यानंतर दोनच वर्षांनी डासांमुळे तापाची साथ आली. ओलेबाबा दुसऱ्या गावी कोरडेबाबा झाले आणि वयानुसार मेले. बेडूकवाल्यानं मासे विकायला घेतले. शिंप्याचा दमा परत आला आणि त्यानंच तो गेला. भावानं दुकान विकलं. तो घड्याळाच्या कामाचा राहिला नव्हता.

भावजय बाईंशी पुन्हा एकदाच बोलली, वर्षश्राद्धाला. तिनं ना रागावून विचारलं, ना रडून. "वन्सं, मला तर काही माहीत नव्हतं. मी अडाणी. तुम्हाला गुरुवारीच माहीत होतं ना? मग दार का नाही तोडलंत?"

बाईंनी उरलेली आठ वर्षं नोकरी केली, एकही बेडूक चिरला नाही आणि एकही सोडला नाही. दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला त्या हेच सांगत: "कुणी चमत्कार सांगितला तर पुरावा त्यानं द्यायचा असतो, तुम्ही नाही. तो देईल तेव्हा देईल. तोवर औषधाचा एकही डोस चुकवू नका. आणि घरात एखादं पोर उपाशी, तहानलेलं, औषधावाचून कोंडलेलं असेल, तर प्रयोग करत बसू नका. आधी दार तोडा. पुराव्याचं मागाहून बघू."