नुसते डावे

नव्या सुपरवायझर बाईंना बुटांच्या त्या कारखान्यात सगळे मागून 'फ्रीज' म्हणत. मशीन बंद पडो की माल परत येवो, बाई ओरडत नसत. चपला काढून क्षणभर फरशीवर अनवाणी उभ्या राहत आणि मग हळू आवाजात बोलत. शिलाईवरच्या पोरींना त्याचं कोण कौतुक!

कातडं कापणाऱ्या तात्यांना मात्र संशय. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे खरं. पण ज्याला खळखळाट नाही त्याच पाण्यात माणूस बुडतो, असं ते म्हणत. आधीचा सुपरवायझर शिव्यांची लाखोली वाहायचा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं विसरायचा. ही बाई काही विसरणारी नव्हती.

आणि नेमका तात्यांनीच घोळ घातला. डाव्या बुटाचे तुकडे कापून झाले की उजव्यांसाठी साचा उलटा करायचा, तो गप्पांच्या नादात केलाच नाही. चांगलं कातडं कापून मोकळे झाले, तर टेबलावर नुसते डावे. घरी सून आधीच म्हणत होती, "मामंजी, आता पुरे." काम गेलं तर दिवसभर त्या 'पुरे'समोर बसायचं होतं.

बाईंनी टेबल पाहिलं आणि तडक मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. दार लागलं. आतून आवाज नाही. तात्यांची खात्रीच पटली, बाईनं केसानं गळा कापला.

बाहेर येऊन बाईंनी त्यांच्या टेबलाशी चपला काढल्या.

"मालकांना सांगितलं, माझ्या हाताखाली झालंय, जबाबदारी माझी. उरलेल्या कातड्यातून उजवे निघतील ना, तात्या?"

इतकं गोड? हिच्या मनात आहे तरी काय? नजर चुकवायला तात्या खाली पडलेला तुकडा उचलायला वाकले, आणि त्यांना बाईंचे पाय दिसले. बोटं आत वळलेली, फरशीला गच्च धरून पांढरी पडलेली. घोटे थरथरत होते. वरचा आवाज कसा जागेवर राहतो, ते तात्यांना तेव्हा कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

"निघतील," ते खालूनच म्हणाले. "तुम्ही जरा बसा, बाई."

मग त्यांनी बाईंच्या चपला उचलून त्यांच्यापुढे ठेवल्या. ठेवताना दोनदा पाहिलं, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे.